वजनें आणि आखडलेलें अंग

वजनें उचलणारा मनुष्य बळकट होतो, पण अंगानें लाकडासारखा ताठतो, ही समजूत अमेरिकेंतील शारीरिक शिक्षणाच्या पंडितांत एके काळीं दृढ होती. स्प्रिंगफील्ड महाविद्यालयांतील डॉ. पीटर कार्पोविच यांचेंही मत तेंच. १९४० सालीं बॉब हॉफमन आपले मल्ल घेऊन तेथें गेले, तेव्हां कार्पोविच यांनीं जॉन डेव्हिस यांस भर सभेंत पाठ खाजवून दाखविण्यास सांगितलें! डेव्हिस यांनीं ती हवी तेथें खाजविली. जॉन ग्रिमेक यांनीं तर दोन्ही पाय पूर्ण फांकून जमिनीवर बैठक घेतली, आणि गुडघे ताठ ठेवून वांकून कोपरें भुईस टेकविलीं.

कार्पोविच यांनीं मग मोजमापच आरंभिलें, हा त्यांचा मोठेपणा. १९५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, विल्यम झॉर्बास यांच्यासह केलेल्या तपासणींत ६०० जणांच्या हातांची गति पाहिली गेली. वजनें उचलणारेच चपळ ठरले.

मग कित्येकांचें अंग आखडतें कां? बहुधा अर्धवट हालचालींनीं. बैठक अर्ध्यावर सोडली, कीं सांधाही तेवढाच वापरला जातो. अशानें प्रथम वजन हलकें करून हालचाल पुरी करावी. व्यायाम संपल्यावर खांदे, जांघा आणि मांड्यांमागील स्नायू यांस अर्धा अर्धा मिनिट सावकाश ताण द्यावा. जड वजनाच्या अगदीं आधीं मात्र दीर्घ ताण नको.