शास्त्र, वृत्तपत्र आणि लोकसंमती

शास्त्राने शोधलेले सत्य लोकांच्या गळी उतरवायचे कोणी? हा प्रश्न विचारताना आम्हांस १८९७ सालचे पुणे आठवते. प्लेगचा जंतू येर्सां यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुण्यात मात्र प्लेगचा बंदोबस्त गोऱ्या शिपायांच्या हाती गेला. घरोघर झडत्या झाल्या, रोग्यांची उचलबांगडी झाली, सामानाच्या होळ्या पेटल्या. ‘केसरी’ने या जुलमावर कोरडे ओढले, त्याच वेळी टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालयही चालविले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि सप्टेंबरात ‘केसरी’तील लिखाणाबद्दल टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

पुढे १८९८ मध्ये सीमाँ यांनी कराचीत उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविले. म्हणजे झडत्या चालू असताना रोग कसा पसरतो हे सरकारासही नीट ठाऊक नव्हते! अशा वेळी राज्यकर्त्यांना जाब विचारणारे आणि लोकांना शास्त्र समजावणारे वृत्तपत्र हवे. ही दोन्ही कामे करणारी पत्रे जेथे निर्भयपणे चालतात, तेथेच लोक लस टोचून घ्यायला आपल्या पायांनी येतात, असे आम्हांस वाटते.