पोटाला लावलेला कान: बाळाच्या ठोक्यांची दोनशे वर्षं

हेडफोन लावलेत ना? बरं झालं, कारण आजची गोष्ट ऐकण्याबद्दलचीच आहे. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे एपिसोडचा मजकूर खाली देतोय.

गरोदर बाईच्या पोटावर चिकटवायची एक पट्टी आता निघाली आहे. वायर नाही, भलंमोठं मशीन नाही. पट्टीतले सेन्सर बाळाच्या हृदयाचे ठोके टिपतात आणि आकडा स्क्रीनवर येतो. १४२, १४५, १३९... घड्याळात आपण स्वतःची पल्स बघतो ना, तसंच. मग सहज वाटतं की चोवीस तास ठोके दिसले तर बाळ चोवीस तास सुरक्षित. खरंच तसं आहे का? हा प्रश्न पट्टीपेक्षा खूप जुना आहे.

पाण्याचा आवाज शोधायला गेला आणि...

१८१६ साली पॅरिसमध्ये लॅनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली. तोच पहिला स्टेथोस्कोप. दोनच वर्षांनी, १८१८ मध्ये, जिनिव्हाच्या फ्रांस्वा मेयर या सर्जनने गरोदर बाईच्या पोटाला थेट कान लावला. त्याला ठोके ऐकू आले, पण ते आईच्या नाडीशी जुळत नव्हते. म्हणजे ते बाळाचे होते! आणि बाळ जिवंत होतं.

आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल. पण तेव्हा पोटातलं बाळ जिवंत आहे की नाही हे ओळखायला भरवशाची खूणच नव्हती. आई सांगेल ते, आणि सुईणीच्या हाताला लागेल ते.

मेयरकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग आला केरगारादेक, लॅनेकच्या ओळखीतला फ्रेंच डॉक्टर. त्याला खरं तर बाळाभोवतीच्या पाण्याचा डुबुकडुबुक आवाज ऐकायचा होता. पाणी राहिलं बाजूला, त्याला घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली. मोजली तर मिनिटाला १४० च्या पुढे. १८२१ च्या डिसेंबरात त्याने पॅरिसच्या वैद्यक अकादमीसमोर हे मांडलं आणि एक जबरदस्त प्रश्न विचारला: या ठोक्यांच्या बदलावरून बाळाची तब्येत कळेल का?

पुढची दोनशे वर्षं डॉक्टर याच प्रश्नाचं उत्तर शोधतायत.

एक कर्णा आणि दोन आकडे

१८३३ मध्ये डब्लिनच्या एव्हरी केनेडीने या ऐकण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फ्रान्सच्या पिनार यांनी छोट्या कर्ण्यासारखं यंत्र आणलं. एक टोक पोटावर, दुसरं कानाला. वीज नको, बॅटरी नको. आजही जगभरात सुईणी आणि नर्स तो वापरतात.

१८९३ मध्ये जर्मनीच्या फॉन विंकेलने आकडे ठरवले: ठोके १६० च्या वर किंवा १२० च्या खाली गेले तर बाळ अडचणीत असू शकतं. आज साधारण ११० ते १६० ही पातळी धरतात. बघा, सव्वाशे वर्षांत आकडे किती थोडे हलले!

जाता जाता, ठोके जास्त असले तर मुलगी आणि कमी असले तर मुलगा, असं तुम्ही कुणाकडून तरी ऐकलं असेल. ठोक्यांवरून लिंग कळत नाही. आणि गर्भलिंग तपासणं हा गुन्हा आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला.

कागदाची पट्टी येते

कर्ण्याची अडचण अशी की ऐकणारा एकटाच ऐकतो, तेही मिनिटभर. मधल्या वेळात काय झालं ते कुणालाच माहीत नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या एडवर्ड हॉन यांनी ठोके सलग नोंदवण्याची पद्धत मांडली. तिकडे उरुग्वेमध्ये काल्देरो-बार्सिया कळा आणि ठोके यांचा संबंध तपासत होते. जर्मनीत हामाखर यांचंही काम चालू होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी मशीन बाजारात आलं. दोन रेघा कागदावर उमटायच्या, एक ठोक्यांची, एक कळांची. यालाच सीटीजी म्हणतात. दवाखान्यात पोटाला दोन पट्टे बांधून जे करतात, तेच.

सगळ्यांना वाटलं, आता बाळंतपणात बाळाला इजा होणं जवळपास थांबेल. मशीन भराभर पसरलं. ते खरंच उपयोगी आहे का, याची मोठी तपासणी मात्र नंतर झाली.

डब्लिनचा धडा

ती तपासणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये जवळपास १३,००० बाळंतिणींचे दोन गट केले होते. एका गटाला सलग मशीन. दुसऱ्या गटात नर्स ठरावीक वेळाने कर्ण्याने ऐकणार. निकाल काय?

दोन्ही गटांत १४-१४ बाळं दगावली. अगदी सारखी! फरक दिसला तो जन्मानंतर बाळांना येणाऱ्या झटक्यांमध्ये: मशीनच्या गटात १२ बाळांना, कर्ण्याच्या गटात २७ बाळांना. म्हणजे मशीनने काहीतरी नक्की पकडलं होतं. पण चार वर्षांनी मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं.

पुढे जगभरातल्या अशा चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या. चित्र तेच राहिलं, फक्त एक गोष्ट जास्त स्पष्ट झाली. सलग मशीन लावलं की सिझर वाढतात.

असं का होतं? कारण ठोके खाली येण्याची निरुपद्रवी कारणंही पुष्कळ असतात. कळेच्या वेळी डोकं दाबलं गेलं तरी ते घसरतात. एकच पट्टी दोन डॉक्टर वेगवेगळी वाचतात. आणि शंका आली की थांबायची हिंमत कोण करणार? शिवाय सेरेब्रल पाल्सीची बरीचशी कारणं बाळंतपणाच्या आधीचीच असतात. माहिती वाढली, पण ती वाचण्याची समज तेवढी वाढली नाही.

आता नवी पट्टी

पोटावरच्या पट्टीमागची कल्पनाही जुनीच. १९०६ मध्ये जर्मनीच्या क्रेमरने बाळाच्या हृदयाची विजेची लहर पहिल्यांदा नोंदवली. पण आईचं हृदय विजेच्या भाषेत ओरडतं आणि बाळाचं कुजबुजतं. लग्नाच्या डीजेसमोर कानात कुणी काही सांगावं, तसं. त्यात साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या काळात बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर ही कुजबुज आणखी दाबतो. ती वेगळी काढायला कॉम्प्युटर यावे लागले.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधनातून अशी अंगावर घालायची उपकरणं आली. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने घरून तपासणी करता येईल अशा सेन्सरच्या पट्ट्याला परवानगी दिली, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरायला. आपल्याकडे बेंगळुरूची जनित्री कंपनी पोटावर लावायचा पॅच बनवते.

फायदे खरे आहेत. कळा देताना बाईला पलंगाला खिळून राहावं लागत नाही, फिरता येतं. जाड अंगाच्या बायकांमध्ये डॉप्लरपेक्षा हे सेन्सर बऱ्याचदा ठोके चांगले पकडतात. मोठा दवाखाना दूर असेल, तर तिथल्या डॉक्टरला गावातली नोंद दिसू शकते. डॉक्टर आणि पट्टी, दोघं जोडलेले असतील तर.

पण नुसतं यंत्र घेऊन घरी बसलं तर? २००९ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडच्या डॉक्टरांनी एक घटना लिहिली. बाळाची हालचाल कमी झाली होती, पण घरच्या डॉप्लरवर ‘ठोके’ ऐकू आले म्हणून बाई निश्चिंत राहिली. ते बहुधा तिच्याच रक्तप्रवाहाचे आवाज होते. बाळ वाचलं नाही. २०१४ मध्ये एफडीएनेही घरगुती डॉप्लर टाळा असं सांगितलं.

मेयरने दोनशे वर्षांपूर्वी सर्वात आधी काय तपासलं होतं? हे ठोके आईचे की बाळाचे, हेच ना! तो प्रश्न आजही पहिलाच आहे.

म्हणून तुमच्या घरात, मैत्रिणींत कुणी गरोदर असेल तर एवढं नक्की सांगा: बाळाची हालचाल कमी वाटली तर ॲप उघडून खात्री करत बसू नकोस, त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना गाठ. स्क्रीनवर आकडा चांगला दिसला तरीही. बाळ हलतंय की नाही हे सांगणारा सर्वात जुना सेन्सर आई स्वतःच आहे, आणि तिचं म्हणणं आपण ऐकलंच पाहिजे.