डूलॅली

डूलॅली : इंग्रजी बोलभाषेतील विशेषण. अर्थ : डोके फिरलेला, भ्रमिष्ट, बावचळलेला. उच्चार डू-लॅ-लि, जोर मधल्या ‘लॅ’वर, शेवटचा इकार आखूड. शब्द मुख्यतः ब्रिटनमध्ये ऐकू येतो, आणि बहुधा थट्टेच्या सुरात. तिथे माणूस ‘डूलॅली होत’ नाही, ‘डूलॅली जातो’. या ‘जाण्या’तच शब्दाचा इतिहास दडला आहे, कारण डूलॅली हे मुळात एक गाव आहे : नाशिकजवळची देवळाली.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वाचकाला देवळाली म्हटले की आधी राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा आठवेल. तिचा या शब्दाशी संबंध नाही. 

‘ळ’ इंग्रजी जिभेला वळत नाही आणि मधला ‘व’ घाईत गळतो. रोमन लिपीतही हे नाव ‘व’ वगळूनच लिहिले गेले. गोऱ्या शिपायांच्या तोंडी दंत्य ‘दे’चा ‘डू’ झाला. पुणे ‘पूना’ आणि खडकी ‘किरकी’ झाली, त्याच टाकसाळीतले हे नाणे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश फौजेची संक्रमण छावणी उभी राहिली. नोकरीची मुदत संपलेले शिपाई देशभरातून इथे जमत आणि मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट पाहत. मात्र फौजी बोटी साधारणपणे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत हंगाम सरल्यावर संपली, त्याला उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढावा लागे. हाताला काम नाही, कवायत नावापुरती. मग दारू, मारामाऱ्या, हिवताप, गुप्तरोग आणि अधूनमधून लष्करी कोठडी. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत या छावणीबद्दल लिहिले आहे.

मूळ प्रयोग पूर्ण होता : ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे पाण्याचा नळ नव्हे, हिंदुस्तानीतला ‘तप’, आपला ताप. देवळालीचा ताप! फ्रेझर आणि गिबन्स यांच्या 1925 च्या सैनिकी शब्दकोशात ही जोडी नोंदलेली आहे. पुढे इंग्रज श्रोत्याला ‘टॅप’चा अर्थ लागेना, तो गळाला आणि गाव तेवढे उरले. ‘डोक्याला ताप’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला मात्र ही जोडी फोड न करताही कळली असती.

देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. हा समज बहुधा इतर शब्दांच्या साधर्म्याने झाला असावा. मराठीत ‘ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याहून सुटलाय’ म्हणतात ते तिथल्या मनोरुग्णालयांमुळे. इंग्रजीतला ‘बेडलम’ही लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून आला. देवळालीची ख्याती उलट चांगल्या हवेची. हवापालटासाठी मुंबईची पारशी-गुजराती कुटुंबे इथल्या सॅनेटोरियममध्ये येऊन राहत. ज्या हवेत मुंबईकर सुधारत, त्याच हवेत शिपाई बिघडत. तेव्हा दोष हवेचा नसून न येणाऱ्या बोटीचा, हे मान्य करायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धातली देवळालीची छावणी बीबीसीच्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (1974–81) या विनोदी मालिकेने ब्रिटिश घराघरांत पोचवली. तोफखान्याचे प्रशिक्षणही देवळालीला आले आणि आजही ते तिथेच आहे. आसपासचे लोक या भागाला नुसते ‘कॅम्प’ म्हणतात. ‘डूलॅली’ हे रूप महाराष्ट्रात परतले ते भलत्याच वाटेने : 2009 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या बिअरच्या एका छोट्या भट्टीने ते आपल्या पाटीवर लावले.