धानाचे भावनियंत्रण, भंडारा जिल्ह्यातील

शासनाने धानाची कमाल वा किमान किंमत ठरवून दिल्यामुळे भंडारा जिल्ह्याच्या शेतीवर व व्यापारावर झालेले परिणाम. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात जुन्या मालगुजारी तलावांच्या आधाराने वाढलेले धान हेच मुख्य पीक असून तुमसर ही त्याची मोठी बाजारपेठ आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला व तेथून येणारा तांदूळ थांबला. बंगालच्या १९४३ मधील दुष्काळानंतर नियंत्रणे देशभर कडक झाली. महात्मा गांधींच्या आग्रहामुळे ती डिसेंबर १९४७ मध्ये सैल करण्यात आली; तथापि भाव भडकल्याने १९४८ मध्ये पुन्हा लादावी लागली. रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना, १९५४ पर्यंत ती बहुतांशी उठली.

भंडाऱ्याच्या दृष्टीने राज्यपुनर्रचना याहून महत्त्वाची ठरली. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी भंडारा व बालाघाट हे शेजारचे धानउत्पादक जिल्हे एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. त्या दिवशी सलग धानपट्ट्यातून राज्याची सीमा गेली. पुढे धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर बंदी येई, तेव्हा हीच भावांचीही सीमा होई. धान ज्या बाजूचा दर चढा तिकडे वळते. नाक्यावरील पहाऱ्याने ते थोडे महाग होते इतकेच.

महाराष्ट्र हे धान्याच्या तुटीचे राज्य असल्याने १९६४-६५ च्या हंगामात शासनाने धान व ज्वारी यांची एकाधिकार खरेदी सुरू केली. शहरांतील शिधापत्रिकाधारकाला तांदूळ स्वस्त मिळावा, हा हेतू रास्त होता. परंतु खरेदीचा दर खुल्या बाजाराहून कमी असे तेव्हा त्या स्वस्ताईचा भार पूर्व विदर्भातील शेतकऱ्यावर पडे. लेव्हीची गतही तीच. गिरणीमालकाने तांदळाचा ठराविक हिस्सा शासनाला नियंत्रित दराने द्यावयाचा असे. त्यातील तूट तो काही अंशी उरलेल्या तांदळावर वसूल करी व काही अंशी धानाचा भाव पाडून भरून काढी. म्हणजे कर गिरणीवर दिसे, पण तो बांधापर्यंत पोहोचे. तांदळावरील लेव्ही ऑक्टोबर २०१५ पासून बंद झाली.

किमान आधारभूत किंमतीने चित्र पालटले. तिचेही परिणाम निर्दोष नाहीत. २०२३-२४ च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलला २,१८३ रु. व ‘अ’ प्रतीला २,२०३ रु. दर होता. अवघ्या वीस रुपयांच्या या अंतरात सुगंधाला मोल नाही. त्यामुळे कमी उतारा देणाऱ्या सुवासिक चिन्नोरपेक्षा भरघोस पिकणारे जाडे धान लावणे शेतकऱ्याला परवडते. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आधारभूत खरेदी केंद्रावर त्याला निराळा दर नाही. या केंद्रावरील विक्री सातबाऱ्याच्या नोंदीवर होते. परिणामी दुसऱ्याची जमीन ठेक्याने कसणाऱ्याला, मालकाने आपल्या नावावर धान घातले नाही, तर व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो.