इराणच्या उच्चशिक्षणमंत्र्यांविरुद्धचा इस्तिझाह (२०१४) : एक चिकित्सा

२० ऑगस्ट २०१४ रोजी इराणच्या मजलिसने विज्ञान, संशोधन व तंत्रज्ञानमंत्री रझा फराजी-दाना यांना पदच्युत केले. ठरावाच्या बाजूने १४५, विरोधात ११० मते पडली आणि १५ सदस्य तटस्थ राहिले. याच सभागृहाने जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्यांना १५९ मतांनी मान्यता दिली होती. एवढ्या अल्पावधीत असे काय घडले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभी संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक वाटते. या कार्यवाहीस फारसीत 'इस्तिझाह', म्हणजे शब्दशः 'स्पष्टीकरण मागणे', असे म्हणतात. मराठीत त्यासाठी सर्रास 'महाभियोग' हा शब्द योजला जातो. परंतु भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ६१ मधील महाभियोग राष्ट्रपतींविरुद्ध असतो, तर आपले मंत्रिमंडळ अनुच्छेद ७५(३) नुसार सामूहिकरीत्या लोकसभेस जबाबदार असते. एकट्या मंत्र्याला मतदानाने घालविण्याची इराणसारखी स्वतंत्र तरतूद आपल्या संविधानात नाही. इराणमध्ये १९८९ च्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानपद रद्द झाले. तेव्हापासून राष्ट्राध्यक्ष मंत्री सुचवितो आणि प्रत्येकाला मजलिसचे स्वतंत्र विश्वासमत घ्यावे लागते. अनुच्छेद ८९ अन्वये किमान दहा सदस्यांच्या सहीने इस्तिझाह दाखल होतो, मंत्र्याला दहा दिवसांत सभागृहापुढे उभे राहावे लागते, आणि विश्वास न मिळाल्यास त्याचे पद जाते.

हसन रुहानी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा २०१२ साली निवडून आलेल्या मजलिसमध्ये परंपरावाद्यांचे प्राबल्य होते. ऑगस्ट २०१३ मध्ये तिने रुहानींच्या अठरा नामांकनांपैकी तीन फेटाळली. त्यांतील दोन शिक्षणाशी निगडित होती, हे लक्षणीय आहे : शालेय शिक्षणासाठी महंमद अली नजफी आणि उच्चशिक्षणासाठी जाफर मिली-मुनफरेद. नजफींना एका मताने हार पत्करावी लागली. विद्यापीठ व शाळा कोणाच्या हाती असाव्यात, हा वाद फराजी-दाना यांच्या आधीच सुरू झाला होता.

फराजी-दाना हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि तेहरान विद्यापीठाचे माजी कुलगुरू. राजकीय कारणांवरून शिक्षणास मुकलेल्या विद्यार्थ्यांना परत येण्याची वाट त्यांनी काही प्रमाणात मोकळी केली. २००९ च्या निवडणुकीनंतरच्या आंदोलनाशी संबंध असल्याचा ठपका असलेल्यांना त्यांनी पदे दिली, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. तथापि अधिक ज्वालाग्राही प्रकरण शिष्यवृत्त्यांचे होते. अहमदीनेजाद यांच्या कारकिर्दीत सुमारे ३००० डॉक्टरेट शिष्यवृत्त्या नियम डावलून दिल्या गेल्याचा आरोप होता. मंत्रालयाने ते दप्तर उघडले.

येथे विसंगती उघड होते. उत्तरदायित्वासाठी निर्माण झालेले साधन अशा मंत्र्यावर चालविले गेले, जो स्वतःच आधीच्या राजवटीचा हिशेब मागत होता. १४५ पैकी प्रत्येक मत शिष्यवृत्त्यांमुळेच पडले, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. नेमणुकांविषयीचा सदस्यांचा राग खरा होता आणि कार्यवाही घटनेच्या चौकटीतच झाली. २७० मतांत बहुमतासाठी १३६ पुरेशी होती. निर्णय झाला तो नऊ मतांच्या अंतराने.

पुढील घटनाक्रम अधिक बोलका आहे. रुहानींनी काळजीवाहू म्हणून नेमले ते मजलिसने वर्षापूर्वी नाकारलेल्या नजफींनाच! काळजीवाहू व्यक्तीस अनुच्छेद १३५ नुसार तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवता येत नाही. त्यामुळे नवे नाव पाठविणे क्रमप्राप्त होते. ऑक्टोबरमध्ये महमूद नीली अहमदाबादी आणि नोव्हेंबरमध्ये फख्रुद्दीन दानिश-आश्तियानी असे दोघे फेटाळले गेले. नोव्हेंबरच्या अखेरीस महंमद फरहादी यांना मान्यता मिळाली. हे फरहादी १९८० च्या दशकात मीर हुसेन मुसावी यांच्या मंत्रिमंडळात उच्चशिक्षण सांभाळत होते. आणि २००९ च्या ज्या आंदोलनाच्या नावाने फराजी-दाना गेले, त्याचे एक नेते मुसावीच होते. मजलिसला नकाराधिकार होता, पसंतीचा अधिकार नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

नाकारलेल्यांपैकी नीली अहमदाबादी त्याच वर्षी तेहरान विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या पदास मजलिसचे मत लागत नाही. दानिश-आश्तियानी यांना दोन वर्षे थांबावे लागले. २०१६ मध्ये नवी मजलिस निवडून आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिने त्यांना शालेय शिक्षणमंत्री म्हणून विश्वासमत दिले.