एक काना जास्त

चपला इथे काढू नका, त्या ढिगात गेल्या तर तासाभराने सापडणार नाहीत. हातातच धरा.

1987 सालचा ऑक्टोबर. रविवार सकाळ, पावणेदहा. तुम्ही वाकोल्यातल्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या दारात अंग चोरून उभे आहात. आत दहा बाय बाराच्या खोलीत तीसएक माणसं मांडीला मांडी लावून बसलीत आणि टीव्हीला झेंडूचा हार घातलाय. ‘रामायण’ चालू आहे. उदबत्ती, खोबरेल, घाम आणि शेजारच्या खोलीतून येणारा रॉकेलच्या स्टोव्हचा वास एकात एक मिसळून नाकाशी आलाय. खोकू नका. पुढे बसलेल्या आजी मागे वळून बघतील, आणि ते बघणं तुम्हाला झेपणार नाही.

बाहेर रस्ता इतका ओस आहे, की नाल्याचा वासही एकटाच फिरतोय.

याच चाळीतल्या एकाच्या पहिल्या कादंबरीचं आज प्रकाशन आहे. निमंत्रणावर साडेदहाची वेळ छापलीय, कारण त्याआधी प्रत्यक्ष सरस्वती आली असती तरी तिला श्रोते मिळाले नसते. लेखकाचं नाव विचारू नका. दिवसा कारकुनी आणि रात्री लेखन करणारी अशी माणसं तेव्हा उपनगरांत गल्लोगल्ली होती. हा रविवार त्यांच्यातल्या कुणाचाही समजा. आपले लेखक सेहेचाळीस वर्षांचे आहेत. कडक इस्त्रीचा झब्बा घालून ते मंडळाच्या हॉलच्या पायरीवर उभे आहेत आणि दर मिनिटाला स्टेशनच्या दिशेने बघतायत.

पुस्तकं अजून आलेली नाहीत.

बाइंडर गिरगावातला. काल रात्री म्हणाला, “खळ वाळली नाही, सकाळी या.” म्हणून मेहुणा पहाटेच्या गाडीने गेलाय. अकराशेची आवृत्ती आहे, मराठीत हजार-अकराशेची रीतच. त्यातल्या पंचवीस प्रती तरी मिळाव्यात एवढीच आजची मागणी.

चला, हॉलमध्ये शिरा. डोक्यावर पत्रे तापलेत. पंखे दोन, त्यातला एकच फिरतो आणि तो नेमका समईवर. लेखकाचा मुलगा काड्यापेटी घेऊन तिथेच बसलाय, त्याची आजची कामगिरी तीच. मंडपवाल्याच्या लोखंडी खुर्च्यांवर जपून बसा, बोट चिमटतं. रामायण सुटलं तशी माणसं लोंढ्याने आलीत. सेंट अँथनी चर्चची मिस्सा आटपून गावठाणातल्या मावशीही आल्यात, लुगड्यात, हातात ताज्या फुग्यांचा डबा. (फुगा म्हणजे ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा तळलेला गोल पाव. एक मिळाला तर नाही म्हणू नका.) पाहुणे वांद्र्याच्या साहित्य सहवासातून, विंदा करंदीकर राहतात त्या वसाहतीतून, रिक्षाने येऊन पोचले. शाल आली, नारळ आला. पुस्तक?

आलं! मेहुणा घामाने निथळतोय, खांद्यावर सुतळीने बांधलेला गठ्ठा. वरचं वेष्टण दुसऱ्याच कुणाच्या तरी पुस्तकाच्या वाया गेलेल्या फर्म्यांचं. घाईघाईत पाच प्रती पतंगाच्या गुलाबी कागदात गुंडाळल्या जातात, त्यावर रिबीन. मेहुण्याने गाठ अशी मारलीय की पाहुण्यांना ती सुटत नाही. ते दातांकडे वळणार, एवढ्यात समईवाला पोरगा ब्लेड आणून देतो. टाळ्या.

एक प्रत तुमच्याही हातात आलीय. उघडा. पुठ्ठा अजून गार आणि ओलसर आहे. शाईचा उग्र वास येतो, त्याखाली खळीचा आंबूस. पानाच्या मागून बोट फिरवा: खिळ्यांनी छापलेल्या अक्षरांचा उठाव लागतो. तुमच्या काळातल्या पुस्तकांना हा लागत नाही.

कालिन्याच्या विद्यानगरीतून आलेले प्राध्यापक ‘कोसला’पासून सुरुवात करतात. पहिल्या कादंबरीच्या प्रकाशनात ‘कोसला’ आलीच पाहिजे असा अलिखित कायदा आहे. नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली, हेही सांगून होतं. आपले सेहेचाळीसचे लेखक गुन्हा कबूल केल्यासारखी मान खाली घालतात. पण श्रोत्यांचं लक्ष भाषणात आहे कुठे? सगळे मांडीवरच्या प्रती चाळतायत, आणि वाचत नाहीयेत, शोधतायत. “तो दारुडा म्हणजे तुझे काका ना रे?” “दुसऱ्या मजल्यावरची विधवा गोरी लिहिलीय. म्हणजे मी नव्हे.” टीकाकार पुस्तक पुढे वाचतील न वाचतील, चाळीने पंधरा मिनिटांत उभं आडवं वाचलंय.

तिसऱ्या रांगेत कडेला हिरव्या साडीतल्या बाई दिसतात? लेखकाची बायको. नवऱ्याचं अक्षर फक्त त्यांनाच लागतं, म्हणून सगळी मुद्रणप्रत त्यांनी फुलस्केपवर उतरवून काढली, पोळ्या झाल्यावर, ओट्याशी उभं राहून. मुद्रितंही त्यांनीच तपासली. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, अर्पणपत्रिका उलटून पुढे गेल्या, आणि एका पानावर थबकल्या.

“मन भरून आलंचं मान भरून आलं झालंय,” त्या शेजारणीच्या कानात म्हणतात. “एक काना जास्त.”

आता लेखक बोलायला उठलेत. माईक एकदा किंचाळतो, मग गप्प. आईवडिलांचं नाव घेताना आवाज चिरकतो. बाइंडरचे आभार, मेहुण्याचे आभार, हशा. मग ते तिसऱ्या रांगेकडे बघतात, म्हणतात, “आणि जिच्यामुळे...”

विमान! सांताक्रूझच्या धावपट्टीवर उतरणारं, पत्र्यांवरून घासून जावं तसं. वाकोल्यात वाढलेला माणूस अशा वेळी वाक्य तोंडात धरून थांबतो, विमान गेलं की पुढचा शब्द बोलतो. प्राध्यापक थांबले नव्हते, ते बाहेरचे. पण लेखक जन्मभर इथलेच, आणि तेही आज थांबत नाहीत. ओठ हलतायत. डोळ्यांतून पाणी आलंय, ते झब्ब्याच्या बाहीने पुसतायत. पत्रे शांत होतात तेव्हा ते खाली बसलेले असतात. काय म्हणाले, कुणालाच ऐकू आलं नाही. बाईंना विचारू नका, त्या पर्समध्ये काहीतरी शोधतायत.

चहा आला. बशीत ओता, कप फार तापलाय. बटाटेवड्याबरोबरची लसणाची चटणी जपून खा. बारा वाजता नळाला पाणी येतं, तेव्हा बायका भराभर उठतील आणि हॉल दहा मिनिटांत रिकामा होईल. तुम्हीही निघा. दाराशी मेहुणा टेबल टाकून बसलाय, प्रत तीस रुपयांना. तुमच्या नोटा इथे कुणी ओळखणार नाही आणि फोन दाखवून पैसे देता येत नाहीत. असू द्या, मी भरतो.

फक्त प्रत घेण्याआधी थोडं थांबावं लागेल. टेबलाच्या कोपऱ्यावर हिरव्या साडीतल्या बाई बॉलपेन घेऊन उभ्या आहेत. पान त्रेचाळीस, वरून सातवी ओळ. तुमच्या प्रतीतला काना त्यांनी निळ्या शाईने खोडलाय.