संगणकाला कान कधी लाभले? घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास

१/ माईक जोडला, मुद्रणाची कळ दाबली, मिनिटभर बोलणे झाले. परत ऐकावे तर निव्वळ शांतता. घरच्या संगणकावर आवाज मुद्रित करू पाहणाऱ्या प्रत्येक पिढीने हे अनुभवले आहे. मात्र प्रत्येक पिढीच्या शांततेचे कारण निराळे होते. ती कारणे क्रमाने मांडली की वैयक्तिक संगणकाचा इतिहासच समोर उभा राहतो. #थ्रेड

२/ १२ ऑगस्ट १९८१. आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. ते मुख्यतः कचेरीचे यंत्र होते: हिशेब, पत्रे, तक्ते. आवाजासाठी आत एक लहानसा स्पीकर बसवलेला होता. त्याला दोनच अवस्था ठाऊक होत्या, चालू आणि बंद. चूक झाली की 'बीप' करावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. माईकसाठी जागाच नव्हती.

३/ गंमत अशी की, या यंत्राला कॅसेट रेकॉर्डर जोडण्याची सोय होती. पण ती माहिती साठवण्यासाठी. फितीवरून येणारा नाद संगणक केवळ ० आणि १ म्हणून वाचत असे. त्यातील माणसाचा आवाज त्याला उमगत नसे. १९८३च्या 'एक्सटी'मध्ये ती जोडणीही वगळली गेली.

४/ १९८७मध्ये कॅनडातील क्यूबेकच्या 'अॅडलिब' कंपनीचे ध्वनिकार्ड आले. त्यावरील यामाहाची चिप सूर कृत्रिमरीत्या घडवत असे. खेळांना प्रथमच खरे संगीत लाभले. संगणक गाऊ लागला, पण ऐकू मात्र लागला नाही. या कार्डावर ध्वनिमुद्रणाची सोयच नव्हती.

५/ ती उणीव भरून निघाली सिंगापूरमध्ये. सिम वाँग हू आणि एन्ग काय वा यांनी १९८१मध्ये स्थापन केलेल्या 'क्रिएटिव्ह' कंपनीने १९८९मध्ये 'साउंड ब्लास्टर' बाजारात आणले. अॅडलिबसाठी लिहिलेले संगीत त्यावर चाले, खेळाची जॉयस्टिक जोडता येई आणि माईकसाठीही जागा होती. १९९२मध्ये अॅडलिब दिवाळखोरीत गेली.

६/ पण हा कान अर्धवट होता. पहिले साउंड ब्लास्टर ध्वनी ऐकवताना सेकंदाला सुमारे २३,००० नमुने हाताळू शके. मुद्रित करताना मात्र सुमारे १२,०००च. नमुन्यांच्या निम्म्या संख्येपर्यंतचीच कंपने टिपता येतात, हा या शास्त्राचा मूलभूत नियम. म्हणजे ६,००० हर्ट्झच्या वरचे सारे हरवले.

७/ 'स'सारख्या उष्म वर्णाची बरीचशी ऊर्जा याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असते. म्हणून त्या काळची मुद्रणे बोथट वाटतात. शिवाय आवाजाच्या चढउतारासाठी ८ बिटांच्या अवघ्या २५६ पायऱ्या. हळू बोललेले शब्द खरखरीत बुडून जात. बोलणाऱ्याला दोष आपल्या माईकचा किंवा आपल्या उच्चाराचा वाटे. तो यंत्राचा होता.

८/ असे का घडले? कारण कार्ड विकले जात होते ते खेळांच्या जोरावर. ग्राहकाला स्फोट आणि संगीत ऐकायचे होते. ध्वनिमुद्रण हा त्या घरात आलेला पाहुणा होता, आणि पाहुण्याला मिळते तेवढीच जागा त्याला मिळाली. यंत्राची रचना बाजार ठरवतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

९/ पुढचा अडथळा अंतर्गत भांडणाचा. प्रत्येक उपकरणाला प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एक क्रमांकित वाहिनी लागे. तिला आयआरक्यू म्हणत. सुरुवातीच्या कार्डांची ठरलेली वाहिनी ७ क्रमांकाची, आणि नेमकी तीच प्रिंटरचीही! दोघे एकमेकांवर आदळले की आवाज अडखळे किंवा संगणकच गोठे.

१०/ उपाय हाताने करावा लागे. कार्डावरील चिमुकले जंपर हलवायचे आणि संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत 'ए२२० आय५ डी१' अशी मंत्रासारखी ओळ लिहायची: पत्ता, वाहिनी, स्मृतीचा मार्ग. एक अंक चुकला तरी शांतता. अनेकांची संगणकाच्या अंतरंगाशी पहिली ओळख अशी नाइलाजाने झाली.

११/ १९९२मध्ये 'साउंड ब्लास्टर १६' आले. १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे सीडीच्या तोडीचे. पण हिशेब पाहा: असे एक मिनिट स्टिरिओत साठवायला सुमारे १ कोटी ६ लाख बाइट लागत. त्या काळी घरगुती हार्ड डिस्क कित्येकदा ४० ते ८० मेगाबाइटची असे. चार-सहा मिनिटांत डिस्क भरून जाई.

१२/ त्याच वर्षीच्या विंडोज ३.१मध्ये 'साउंड रेकॉर्डर' होता. त्याची मर्यादा ६० सेकंदांची, आणि ती पुढे विंडोज एक्सपीपर्यंत टिकली. डिस्का शेकडो पटींनी वाढल्या, मर्यादा मात्र तीच. टंचाईच्या काळातील नियम सुबत्तेतही कसे रेंगाळतात, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही.

१३/ २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आले. वाहिन्यांचे वाटप संगणक स्वतः करू लागला. भांडण उरलेच तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पिवळे उद्गारचिन्ह दिसे. मात्र मुद्रण माईकवरून करायचे की सीडीवरून, ही निवड ध्वनिपातळीच्या खिडकीत एका आतल्या पानावर दडलेली होती. तिथे माईक निवडला नसेल तर बाकी सारे ठीक असूनही शांतताच.

१४/ माईकचीही एक पूर्वकथा आहे. १९६२मध्ये बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माईक घडवला. लहान आणि स्वस्त म्हणून तोच संगणकापाशी पोहोचला. त्यातील विवर्धकाला थोडा विद्युतदाब लागतो आणि तो माईकच्या खाचेतूनच मिळतो. शेजारच्या 'लाइन-इन'मध्ये पिन गेली की माईक मुका! 'पीसी ९९' संकेतांनी माईकसाठी गुलाबी रंग ठरवला, तो हा घोळ टाळण्यासाठीच.

१५/ मे २००० मध्ये 'ऑडॅसिटी' प्रसिद्ध झाले. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प मुक्त आणि विनामूल्य होता. ६० सेकंदांचे कुंपण तुटले. आजीच्या ओव्या, आजोबांच्या आठवणी घरच्या टेबलावर नोंदवणे आवाक्यात आले.

१६/ २०१८मध्ये शांततेला नवे कारण मिळाले: परवानगी. विंडोज १० आणि मॅकओएस मोहावी यांनी माईकच्या दाराला रीतसर कुलूप लावले. वापरकर्त्याने होकार दिल्याशिवाय प्रोग्रॅमला आवाज मिळेना. १९८१मध्ये संगणक ऐकू शकत नव्हता. २०१८मध्ये तो नको तेव्हा ऐकेल, ही चिंता होती.

१७/ म्हणून आजही दोष शोधण्याचा क्रम हा इतिहासाचाच क्रम आहे: खाच बरोबर आहे का, संगणकाने उपकरण ओळखले का, मुद्रणाचा स्रोत कोणता निवडला आहे, परवानगी दिली आहे का. आणि मोठे मुद्रण करण्यापूर्वी दहा सेकंदांची चाचणी घेऊन ती ऐकावी. बिघाड दुरुस्त होतो. एकदा बोलून झालेले शब्द मात्र पुन्हा तसेच उमटत नाहीत.

(समाप्त)